आण्णांची मान आणि कोर्टावरचा थवा

"आण्णा, आत गेल्यावर मान हलवायची न्हाई. काही झालं तरी."

लातूरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी शिवाप्पा आण्णांच्या गळ्यातला पट्टा आवळत होतो. मी अपघाताचे दावे चालवणारा वकील, आण्णा माझे अशील. किराणा दुकान हा त्यांचा धंदा, पण जीव गच्चीवरच्या कबुतरांत. भाच्याच्या कारमधून औशाहून येत होते. गतिरोधकापाशी कार हळू झाली आणि मागच्या पिकअपनं ठोकलं. मागच्यानं अंतर ठेवायचं असतं, त्यामुळं चूक बहुतेक त्याचीच धरतात आणि भरपाई त्याची इन्शुरन्स कंपनी देते. इथवर केस सोपी होती.

अवघड होती ती मान. मागून धक्का बसला की मान चाबकासारखी मागं जाते, पुढं येते. हाड मोडत नाही, म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. आणि एक्स-रेत दिसत नाही ते कंपनीला नाटक वाटतं. आण्णांची मान खाली वाकायची, पण वर उचलली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी म्हटलं, वाकते हे तरी कशाला दाखवा? माणूस पुतळ्यासारखा उभा राहिला की केस मजबूत. आहे की नाही डोकं!

"वकीलसाब, पैशाचं तुम्ही बघा," आण्णा म्हणाले. "मला हैदराबादच्या डॉक्टरला दाखवायचंय. मान वर व्हावी, बस. पाखरं रोज उडतेत आन मी नुसता फडफड ऐकून राहिलो."

लोकअदालतीच्या पॅनलपुढं तडजोड व्हायची होती, आणि कंपनीकडून बिराजदार साहेब आले होते. निलंग्याचे, आण्णांसारखेच लिंगायत. खोलीत येताच हात जोडून वाकले. "शरणु शरणार्थी, आण्णा."

या नमस्काराला समोरचाही वाकतो. वयानं मोठा असला तरी वाकतो. आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे वटारले. आण्णा खांबासारखे उभे.

बिराजदारांचा चेहरा पडला. मग त्यांनी मोबाइल काढून एक व्हिडिओ लावला. अपघातानंतरच्या कुणाच्या तरी लग्नात, मांडवाच्या दारात उभे राहून आण्णा येईल त्या पाहुण्याला वाकून शरणार्थी करत होते. तेही अगदी मनापासून.

"मांडवात वाकती आन कोर्टात न्हाई? वकीलसाहेब, ही मान तारखेलाच दुखती का?"

"साहेब, मान वर जात नाही. खाली जाते."

"मग आत्ता का न्हाई गेली?"

खरं उत्तर दिलं असतं तर माझ्या सनदेचीच मान मोडली असती. उत्तर आण्णांनी दिलं.

"हे नको म्हनले, साहेब."

बिराजदार उठले. "चहा पिऊन येतो. मग पॅनलला नकार सांगतो."

आम्हीही खाली मान घालून त्यांच्या मागं टपरीवर गेलो. मी लाजेनं, आण्णा सवयीनं. तेवढ्यात कोर्टामागच्या वस्तीतल्या कुणीतरी कबुतरं सोडली. थवा अगदी खालून, टपरीवरून घिरट्या घालू लागला. चहावाल्यासकट सगळ्यांनी वर बघितलं. आण्णा तेवढे फरशीकडं बघत उभे. नजर फरशीवरून पळत होती, भिंतीपर्यंत जाऊन परत येत होती.

"काय सांडलं का आण्णा?" बिराजदारांनी विचारलं.

"न्हाई. थवा चाललाय. एक पाखरू मागं पडून राहिलंय बघा. डाव्या पंखात जोर न्हाई त्याच्या."

बिराजदारांनी परत वर बघितलं. एक पाखरू खरंच मागं होतं. त्यांनी खाली बघितलं. फरशीवर सावल्या गोल फिरत होत्या.

"वर न बघता?"

"वर बघता आलं असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो, साहेब?"

बिराजदारांनी चहा तसाच ठेवला. आत जाऊन पॅनलला म्हणाले, "डॉक्टरांकडून तपासून घ्या. मान मागं किती जाते तेवढंच बघा." डॉक्टरांनी बघितलं. पुढच्या बैठकीत तडजोड झाली. निघताना आण्णा कंबरेत वाकून बिराजदारांना शरणार्थी करून आले. मी डोळे वटारले नाहीत.

हैदराबादचे उपचार झाले. मान समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीपर्यंत वर जाते. त्याच्या वरचं आभाळ राहिलं ते राहिलंच.

परवा त्यांच्या गच्चीवर गेलो. चुन्यानं पांढऱ्या केलेल्या गच्चीवर सावल्या फिरत होत्या आणि आण्णा त्यांच्यामागं हळूहळू वळत होते. मला एकदम सुचलं.

"आण्णा, बाज टाकून उताणं पडा की! सगळं आभाळ दिसंल."

"पडून बघितलं, वकीलसाब. दिसतं सगळं. पण पाखरं उतरंनात. त्यांना उभा मानूस वळखू येतो."

तेव्हापासून नव्या अशिलाला मी मान कशी धरायची ते शिकवत नाही. कुठं दुखतं, हेही नंतर विचारतो. अपघाताच्या आधी रोज काय करत होता, हे आधी विचारतो. उत्तर लांबत जातं. कोर्टात त्यातलं फारसं काही मांडता येत नाही, तरी ऐकून घेतो.