फद्दूलबाबांच्या राखेतली सुरई

वाटाणे अर्धे सोलून झाले होते, तेवढ्यात जुम्म्याच्या नमाजावरून येता येता हे हमामच्या, म्हणजे गावच्या न्हाणीघराच्या, भट्टीवरची सुरई घेऊन आले. आमच्या मराकेशात तांजिया, म्हणजे राखेत शिजणारी मटणाची सुरई, पुरुषांनीच भरायची. ह्यांनी काल मटण, केशर, लिंबाचं लोणचं घातलं, तोंडाला कागद बांधला आणि सुरई रात्रभर गरम राखेत पुरायला भट्टीवरच्या फद्दूलबाबांकडे दिली. थोरले दीर कासाब्लांकाहून जेवायला यायचे होते.

बिस्मिल्ला म्हणून मी कागद सोडला. आत बैलाचे पाय आणि छोले.

"ही आपली नव्हे," मी म्हटलं.

सासूबाईंची जपमाळ थांबली. "त्या म्हाताऱ्यालाच राखेत पुरा! मागे एकाची सुरई फोडली, आज आमची कुणाला तरी देऊन बसला. आज मालकांच्या कानावर घालतेच."

आणखी एक तक्रार आली की दुसरा माणूस बघेन, असं हमामच्या मालकांनी बाबांना बजावलं होतं. भट्टीमागची खोली हेच त्यांचं घर. भट्टीत भुसा लोटण्यात जन्म गेला त्यांचा. पण गल्लीत कुणी आजारी असो, बाळंतीण असो, पहाटे निखाऱ्यांची शेगडी दारात. माझ्या धाकटीच्या वेळी थंडी कशी ती मला कळलीच नाही.

मागोमाग बाबाच दारात उभे, भुवयांपर्यंत राख.

"पोरी, चूक माझी. कोपऱ्यावरच्या यमनाचे गुडघे धरलेत, तिला शेगडी पोचवायला गेलो. निखारे काढताना सुरया सरकवल्या न् ओळ चुकली. तुमची चपला शिवणाऱ्यांनी नेली, वेशीबाहेरच्या बागेत जेवायला."

"बागेत? मग संपलीच!" सासूबाई म्हणाल्या. "ते सुरईसुद्धा चाटून ठेवतील."

"मी जाऊन आणतो, लल्ला बतूल," बाबा सासूबाईंना म्हणाले.

"ह्या पायांनी? तू पोचेस्तोवर माझा मुलगा जेवून परत कासाब्लांकाला जाईल!"

बाबा तसेच निघाले. मी पायांच्या सुरईला पुन्हा कागद बांधला आणि ती निखाऱ्यांवर ठेवली.

"कुणासाठी गं?"

"ज्यांची आहे त्यांच्यासाठी. थंड कशी खातील?"

"वा! आमचं मटण त्यांच्या पोटात, आणि त्यांचे पाय आमच्या शेगडीवर!"

दीर आले. पुदिन्याचा चहा झाला, दुसऱ्यांदाही झाला. हे माझ्याकडे बघेनात. मी आत मनातल्या मनात दुआ करत होते, खरं सांगायचं तर मटणासाठी कमी, बाबांच्या त्या खोलीसाठी जास्त.

मग सायकलची घंटी वाजली. चपलावाला सद्दीक घामाघूम, दांडीला पट्ट्याने बांधलेली आमची सुरई, आणि मागच्या कॅरियरवर फद्दूलबाबा, नवरदेवासारखे बसलेले.

"वाटेतच भेटले, उचलून घेतलं," सद्दीक धापा टाकत म्हणाला. "कागद सोडला तर केशराचा वास! म्हटलं, आमच्या सुरईत केशर? ही बाबांचीच गडबड. तशीच बांधली परत, आजी. माझी अम्मा अंथरुणाला खिळली होती तेव्हा रोज बाबाच निखारे आणायचे. ह्यांची भट्टी गेली तर आमची अख्खी गल्ली गारठेल."

"कुणी बोट नाही ना घातलं?" सासूबाईंनी विचारलं.

"शपथ घेतो. नाक तेवढं घातलं."

दीर खो खो हसले. सासूबाईंनी ओठ दाबून धरले, पण ओढणीआड खांदे हलत होते. मी सद्दीकच्या हातात त्याची सुरई दिली.

"अजून गरम?" तो बघतच राहिला.

सासूबाईंनी पाव मोडला, त्यावर पहिलंच मटण काढलं आणि बाबांपुढे धरलं. "हे तुझं. आणि ही थाळी यमनाची, तिच्या गुडघ्यांपायी एवढा घोळ झाला. पुढच्या वेळी सुरईच्या कानाला चिंधी बांधत जा. आमची हिरवी."

"आणि मालकांना?" मी हळूच विचारलं.

"मालकांना काय? सुरई आली ना घरी! वाटाणे आटप तू."

अल्लाचा शुक्र आहे. बाबांनी उभ्या उभ्याच घास खाल्ला, बोटं पुसली आणि थाळी उचलली. आधी यमनाचं दार, मग सुतारांच्या गल्लीतून हमामच्या संध्याकाळच्या पाण्यासाठी भुसा आणायचा होता.