खालचा कप्पा

“तो गाऊन नको घेऊ गं. तुझा खाली हाय.”

सुवर्णाताई बोलली आणि माझा हात तिथेच थांबला. खालच्या कप्प्यात चार पाकिटं होती. प्रत्येकावर लाल मार्करची रेघ.

खालापूरजवळच्या आमच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या भरतात. आत जंतू जाऊ नयेत म्हणून गाऊन धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून, बंद पाकिटात येतात. साईज बघून कुणीही कुठलाही उचलायचा.

मी दाराबाहेर उभ्या इन्चार्ज सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, “ॲडजस्ट कर ना. तिला स्किनचा त्रास आहे.”

त्रास! वर्षभर आम्ही एकमेकींनी घातलेले गाऊन घालत होतो. भिसेगावातून कंपनीच्या बसला एका सीटवर बसून येत होतो. तेव्हा तिला साधी खाज सुटली नाही. मग मी आमच्या बुद्धविहारातले जयंतीचे पेढे नेले. तिने पेढा घेतला, रुमालात गुंडाळला, खाल्ला नाही. पुढच्याच आठवड्यात तिची कातडी नाजूक झाली.

मी रेघेचा गाऊन घातला. पावसाळाभर घातला. माझ्या पगारावर घर होतं, म्हणून गप्प बसले. लाज वाटायची. लाज मलाच का वाटते, याचा त्याहून जास्त संताप यायचा.

मग एकदा बाटल्या भरायच्या खोलीच्या तपासणीत जंतू सापडले. कुणामुळे, ते कळायचं होतं. माझ्यामुळेही असतील. पण कपडे बदलायच्या खोलीच्या दारातून सगळ्या बायकांसमोर सरांनी मला एकटीलाच विचारलं, “घरून नीट आंघोळ करून येतेस ना?”

कुणीतरी खुदकन हसलं.

मी वरच्या कप्प्यातलं पाकीट ओढलं आणि फाडलं.

“तपासायचं तर सगळ्यांना तपासा. आंघोळीचं विचारायचं तर सगळ्यांना विचारा. रेघेचा गाऊन मी घालणार नाय.”

“अगं, तो माझ्या साईजचा हाय!” सुवर्णाताई ओरडली.

“माझ्याबी साईजचा हाय. धुऊन आला की तू घाल.”

मी तो गाऊन चढवला. मी भ्याले होते, खोटं कशाला सांगू?

पाळी सुटल्यावर सरांनी बोलावलं. आवाज अगदी मऊ. “तुला पॅकिंगला टाकतो. तिथे ही गाऊनची भानगडच नाही.”

“नको,” मी म्हटलं.

उद्या मी त्याच दाराने आत जाणार आहे. अडवायचं असेल तर अडवा. पण कातडीचं नाव सांगू नका. सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांत बघून, जात म्हणा आणि मग अडवा.