टोकेलाऊची बोट

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी भूगोल घेऊन बी.ए. झालो, तेव्हा वडिलांनी निकालाचा कागद शेजारच्या तीन घरांत फिरवून आणला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण कागद कोणत्या बाजूनं धरायचा हे त्यांनी माझ्याकडून विचारून घेतलं होतं.

भूगोलाची गोडी मला लागली ती तालुक्याच्या शाळेतल्या सरांमुळे. ते भिंतीवर जगाचा नकाशा टांगायचे आणि छडीनं एकेक खंड दाखवत फिरायचे. पॅसिफिकच्या निळ्या भागाशी आले की मात्र म्हणायचे, "इथलं परीक्षेला येत नाही, पुढे चला." त्या निळ्यात नुसते ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्यापुढे कंसात मालकाचं नाव होतं. ब्रि., फ्रें., अमे., न्यू. मीही पुढे चालत राहिलो. फिजी तेवढं लक्षात राहिलं, कारण तिथं आपली माणसं ऊस लावायला गेली होती.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी बहारीनला आलो. मनामातल्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो. बंदरावर येणाऱ्या जहाजांच्या खलाशांची कागदपत्रं माझ्याकडे असत. कोणी करार संपवून उतरला, कोणी आजारी पडला, की त्याचा व्हिसा, हॉस्पिटल, हॉटेल आणि घरी जायचं तिकीट हे सगळं बघायचं. राहायला मनामातल्याच हूरा भागात एक खोली होती. तिघं राहायचो. सुतारमामा साताऱ्याकडचे, बांधकामावर होते. दादा गुहागरकडचे, आमच्याच ऑफिसची गाडी चालवायचे. दोघंही वयानं मोठे, पण मला 'मास्तर' म्हणत. मी कधी मास्तर नव्हतो. पदवीचा माणूस म्हणून ते नाव मला पडलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

एका जहाजावरून एक खलाशी उतरवला गेला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, फार हळू बोलणारा. जहाजाच्या मालखान्याच्या लोखंडी झाकणाखाली सापडून उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली होती. जहाज पुढे निघून गेलं आणि तो आमच्यावर सोपवला गेला. हॉस्पिटलातून सुटल्यावर मी त्याच्या हॉटेलवर फॉर्म भरायला गेलो. घर कुठं, विचारलं. तो म्हणाला, टोकेलाऊ.

हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पण भूगोलाचा पदवीधर असून 'हे कुठं आलं?' असं विचारणं माझ्या जिभेवर येईना. मी मान हलवली आणि म्हणालो, "हो, माहीत आहे." मग त्याचा पासपोर्ट उघडला. पासपोर्ट न्यूझीलंडचा होता. करारावर भरतीचं ठिकाणही ऑकलंड लिहिलेलं. मी म्हणालो, "म्हणजे न्यूझीलंडच." त्यानं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि तोही हो म्हणाला. मी रविवारचं सिंगापूरमार्गे ऑकलंडचं तिकीट काढलं. साहेबांनी सही केली. एक काम वेळेत संपलं म्हणून मी समाधानात होतो.

बुधवारी संध्याकाळी दादांनी बाजारातून शेरी मासा आणला होता. खलाशाचं हॉटेल आमच्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर. तिथलं जेवण त्याला जात नव्हतं, अर्धं ताट परत जातं असं दादांनी सांगितलं होतं. म्हणून मी त्याला जेवायला बोलावलं. तो आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि खाली सतरंजीवर बसला. सुतारमामा नारळ फोडायला बसले होते. केरळी दुकानातून आणलेला, महाग आणि जुना. त्यानं तो हातात घेऊन कानाशी हलवला आणि मान हलवली. त्याच्या गावी म्हणे कोंब आलेल्या नारळाच्या आतला मऊ गोळा मुलं भांडून खातात. मी सुतारमामांना हे सांगितलं. मामांच्या गावात नारळाचं झाड नव्हतं, पण दादा कोकणातले. ते परत आल्यावर त्यांना सांगायचं मी मनात ठरवलं, कारण दादांना तेवढ्यात विमानतळावर जायचा निरोप आला होता. दुसऱ्या एका जहाजाची माणसं उतरणार होती.

आमटी झाली. आमच्या खोलीची एक रीत होती. कालवण झालं की आधी जो कामावर असेल त्याचं ताट वाढून झाकून ठेवायचं, आणि मग बाकीच्यांनी बसायचं. कोणी ठरवलेली नव्हे, आमच्या आधी त्या खोलीत राहणाऱ्यांपासून चालत आलेली. मामांनी माशाचा मधला चांगला तुकडा दादांच्या ताटात घातला, वर दुसरं ताट पालथं घातलं आणि ते खिडकीपाशी सरकवलं.

खलाशी ते पाहत होता. त्यानं विचारलं, हे कोणाचं? मी सांगितलं. तो डाव्या हातानं घास घेता घेता थांबला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच आपणहून बोलू लागला.

त्याच्या गावी मासा असाच वाटतात. होड्या परत आल्या की सगळा मासा किनाऱ्यावर एका जागी ओततात. कोणी किती पकडला हे कोणी विचारत नाही. गावातल्या प्रत्येक घराची माणसं मोजलेली असतात आणि तेवढे वाटे घातले जातात. विधवेचा, म्हाताऱ्याचा, जो त्या दिवशी समुद्रावर गेलाच नाही त्याचाही. एक जाणता माणूस उभा राहून घरांची नावं पुकारतो आणि मुलं येऊन वाटा घेऊन जातात. ती नावं पुकारणारा माणूस म्हणजे त्याचे वडील.

मी विचारलं, "आणि हे न्यूझीलंडमध्ये कुठं?"

तो हसला. म्हणाला, न्यूझीलंड फार लांब. आणि मग ताटाच्या कडेला भाताची तीन शितं ठेवून त्यानं मला त्याचा देश दाखवला. एका रांगेत तीन बेटं. एकेक बेट म्हणजे पोवळ्याचं कडं, आत खाऱ्या पाण्याचं तळं आणि कड्यावर जमिनीचे चिंचोळे तुकडे. तिन्ही मिळून माणसं दीडेक हजार. सगळ्यात उंच जागा म्हणजे दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर उभे राहिले इतकीच, त्यामुळे समुद्रावरून आधी जमीन दिसत नाही, माडांचे शेंडे दिसतात. नदी नाही, विहिरीचं पाणी जेमतेम. पाऊस टाकीत साठवून प्यायचा. प्रत्येक बेटाचा कारभार म्हाताऱ्यांची सभा बघते. मासेमारीला कधी जायचं, वाट कोणी झाडायची, सगळं तिथं ठरतं. दर तीन वर्षांनी गाव एक प्रमुख निवडतं, आणि सरकारशी बोलायला आणखी एक माणूस. सरकार न्यूझीलंडचं. त्यांचा कारभारी साहेब तिकडेच बसतो आणि बेटांचं ऑफिस सामोआत, आपियाला.

"म्हणजे तुमच्या देशाचं ऑफिस दुसऱ्याच देशात?"

"तिथून बोट सुटते ना," तो म्हणाला. जणू एवढं कारण पुरे होतं.

मग मला विचारायलाच हवं होतं ते मी विचारलं. विमानतळ? नाही. बंदर? नाही, बोट खडकांबाहेर उभी राहते आणि होड्यांतून उतरायचं. ती बोट आपियाहून दोन-तीन महिन्यांनी एकदा जाते. त्यानं खिशातून घडी घातलेली तार काढली. जहाजावर असताना आलेली होती, आपियातल्या चुलतभावाची. वडील अंथरुणाला खिळलेत आणि बोट सुटायची तारीख, एवढाच मजकूर. ती तारीख पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची होती.

मी तार दोनदा वाचली. पुढच्या गुरुवारी तो माझ्या तिकिटाप्रमाणे ऑकलंडला असणार होता. त्यानंतरची बोट दोन-तीन महिन्यांनी.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी म्हणालो.

"तुम्ही माहीत आहे म्हणालात," तो म्हणाला. "मला वाटलं, ऑकलंडहून एखादी जवळची वाट असेल. तुम्ही शिकलेले आहात."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. सुतारमामांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, माझं चुकलं. मामांनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला आणि मला म्हणाले, "मग उद्या दुरुस्त करा. आता जेवा."

गुरुवारी सकाळी ऑफिस उघडताच मी साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब इंग्रज, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. मी सांगितलं की मला टोकेलाऊ कुठं आहे हे माहीत नव्हतं आणि मी माहीत आहे असं म्हणालो. ही दोन वाक्यं मी रात्रभर जुळवली होती. साहेबांनी चष्मा काढला. माझी चूक सोडून देऊन ते तिकिटाचं बोलले. मार्ग बदलायला जहाजाच्या मालकांची मंजुरी लागते. मालक लंडनला. उद्या शुक्रवार, आपली सुट्टी. शनिवार-रविवार त्यांची सुट्टी. विमान रविवारी. म्हणजे उत्तर आजच आलं पाहिजे. ते म्हणाले, टेलेक्स तूच लिही, तुला आता तो देश माहीत आहे.

मी लिहिला. विमान कंपनीत जाऊन वेळा विचारून आलो. रविवारी बहारीन, मग सिंगापूर, सिडनी, फिजीतलं नांदी, आणि तिथून आपिया. नांदीहून आपियाचं विमान मात्र गुरुवारी होतं. बोटही गुरुवारी सकाळी.

दुपारची सुट्टी झाली, ऑफिस बंद झालं, मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. तीनला पुन्हा उघडलं. साडेचारला मशीन खडखडलं. मालकांनी विचारलं होतं, करारात ऑकलंड असताना आपिया कशाला? मी उत्तर टाइप केलं: तीन बेटं, विमानतळ नाही, बंदर नाही, एक बोट, वडील आजारी. साहेब माझ्या खांद्यावरून वाचत होते. वेळापत्रकावर बोट ठेवून ते म्हणाले, "पण हे निरुपयोगी आहे. विमान गुरुवारचं, बोट गुरुवारची. तो पोचेपर्यंत बोट गेलेली असेल."

तेव्हा मला शाळेतला फळा आठवला. त्यावर वरून खाली काढलेली वाकडी रेघ. आंतरराष्ट्रीय वाररेषा, हमखास येणारा प्रश्न, मी घोकून पाठ केलेला. पॅसिफिकमधलं परीक्षेला येणारं तेवढंच.

"सर, फिजी रेषेच्या अलीकडे आहे आणि सामोआ पलीकडे," मी म्हणालो. "नांदीहून गुरुवारी निघाला तरी आपियाला उतरेल तेव्हा तिथं बुधवार असेल."

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे जाऊन बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हेही लिही." सहाला दहा मिनिटं असताना मंजुरी आली. एकच शब्द होता.

रविवारी दादा आणि मी त्याला मुहर्रकला विमानतळावर सोडायला गेलो. गाडीत त्यानं विचारलं, हे लोक तुम्हाला मास्तर म्हणतात, म्हणजे काय? मी सांगितलं. त्यानंतर विमानतळाच्या दारापर्यंत तो मला 'टीचर'च म्हणाला. प्रत्येक विमानतळावर काय विचारायचं हे मी कागदावर लिहून दिलं होतं. बुधवारच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या.

बोट त्याला मिळाली का, हे कळायला मला पाच महिने लागले. तोवर मी ऑफिसात त्याचं नाव काढलं नाही. कोणी खलाशानं मला माहीत नसलेलं गाव सांगितलं की मी पेन खाली ठेवून विचारायचो, कुठं आलं ते, कसं जायचं? सुरुवातीला कानशिलं गरम व्हायची, नंतर सवय झाली.

पत्र आलं ते पावसाच्या पाण्यानं एका कोपऱ्यात फुगलेलं. दादा आणि सुतारमामा समोर बसले आणि मी वाचून मराठीत सांगत गेलो. तो बुधवारी उतरला होता, चुलतभाऊ धक्क्यावर होता, बोट दुसऱ्या दिवशी सकाळी सुटली. दोन दिवसांनी माडांचे शेंडे दिसले. वडील ओळखत होते, बोलत होते. त्यानंतर ते पाच आठवडे जगले.

पत्रात पुढं लिहिलं होतं की तो पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मोठी मासळी लागली. वडिलांनी हट्ट धरला, म्हणून त्यांना चटईवर बसवून किनाऱ्यावर नेलं आणि त्यांनीच नावं पुकारली. सगळी घरं झाल्यावर त्यांनी विचारलं, ज्यानं वाट शोधली त्याचा वाटा कुठाय? मग माझाही एक वाटा घातला गेला आणि त्यांनी माझं नाव पुकारलं. घ्यायला कोणी आलं नाही, तेव्हा वडील म्हणाले, तोही टीचर आहे ना, मग हा वाटा शाळेच्या मास्तरांकडे पाठवा.

मी पत्राची घडी घातली. मग दादा उठले, चुलीकडे गेले आणि तिथूनच म्हणाले, "बघा मास्तर, तुमचा मासा तिकडच्या मास्तरानं खाल्लान."

सुतारमामा हसले, मीही हसलो. मामा त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होते, त्यांना लगेच निघायचं होतं. ते चपला घालेपर्यंत दादांनी त्यांचं ताट वाढून झाकून ठेवलं होतं.