दगड झालेली गाठ

मी शिकलो तो आक्कामुळे. आक्का माझी थोरली बहीण. पाथर्डीकडच्या आमच्या गावातून आई-वडील ऊसतोडीला निघाले की ती मला मागं ठेवून घ्यायची आणि शाळा बुडू द्यायची नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यातली निम्मी पदवी तिची आहे.

तिच्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ आली, तेव्हा मी पुण्यात एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नुकताच लागलो होतो. तिनं मला कळवलं नाही. शेवगावच्या बाजारात गाठी बसवणारा एक म्हातारा बाबा बसायचा. त्यानं तापल्या विळ्यानं डाग दिले. पुढं गाठ कडक झाली, तसा तो म्हणाला, "बाई, दगड झाला. रोग आत कोंडला. आता नारळ आना." आमच्याकडं गाठ दगड झाली की बाई बरी झाली असं धरायचे आणि बाबाला टॉवेल-टोपी, नारळ द्यायचे. आक्कानं हौसेनं दिलं.

मला उशिरा कळलं; मी तिला पुण्याला आणलं तोवर काखेतही गाठी होत्या. ऑपरेशननंतर आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी तिच्या गाठीचा काप दाखवायला मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"हे गुलाबी दोर दिसतात? कोलॅजन. गाठ कडक लागते ती यानं. शरीरच ते विणतं."

"म्हणजे कुंपणच ना, सर?"

"मग या कॅन्सरच्या पेशी बाहेर कशा? बघ, दोरांमधून एकामागे एक चालल्यात."

माझ्या डोळ्यांसमोर त्या बाबाच्या डोक्यावरची आमची कोरी टोपी आली.

आक्का गावी परतली. जाताना म्हणाली, "आरं, म्हाताऱ्याला काय कळतंय? सोड त्याला." मी "बरं" म्हटलं आणि रजा काढून शेवगावला उतरलो. तिथूनच तिला पत्र टाकलं:

"आक्का, मी त्याला सोडलं नाही. आज बाजारात त्याच्या शेजारीच पोतं टाकून बसलो. एक बाई सासूबरोबर आली. 'गाठ आता कडक लागतीय,' सासू म्हणाली. तो हसला, 'दगड व्हायला लागला.' मी ओरडून सांगितलं, दगड होतोय म्हणूनच दवाखान्यात पळा, माझ्या बहिणीचं असंच झालं. तो म्हणाला, 'सायेब, पोटावर का मारता?' मी म्हटलं, 'मारायलाच आलोय.' त्या दोघी उठून नगरच्या गाडीत बसल्या. नंतर त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. पुढच्या बाजारीही मी येणार, तो इथून उठेपर्यंत येणार. तू रागावशील, रागाव. पण अजून माझं समाधान झालेलं नाही."