आण्णाच्या ड्यूटीवर मच्छिंद्र

मच्छिंद्रभाऊ,

तुम्ही चिडणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा आधी चिडून घ्या आणि मग वाचा. क्लबच्या स्मरणिकेत तुमच्या वाट्याला दोन ओळी आल्या, त्यातली एक नुसती नावाची. तीस वर्षं क्वार्टरच्या एका भिंतीला लागून राहिल्यावर माझं दोन ओळींत भागत नाही. पुढं मात्र एकेरीत लिहिते. अहोजाहो करत गोष्ट सांगायची म्हणजे पोळी चमच्यानं खाण्यासारखं आहे.

तर मच्छिंद्र ओव्हाळ दौंडला रेल्वेत केबिनमॅन होता. वरून हुकूम आला की लिव्हर ओढायची, गाडी ठरल्या रुळावर घालायची. त्याच केबिनमध्ये दुसऱ्या पाळीला निमोणे गावचा आण्णा काळे. घरी ऊस, विहिरीला पाणी, नोकरी केवळ हौसेची असं लोक म्हणायचे. हे दोघं, शेडमधले दोन फिटर आणि एक गार्ड, अशा पाच जणांनी मिळून हिरवा बावटा फुटबॉल क्लब काढला. कल्पना मच्छिंद्रची. पडक्या जागेवरच्या बाभळी त्यानं तोडल्या, चुन्याच्या रेघा त्यानं ओढल्या, गोलाचे खांब त्यानं पुरले.

आणि नियमही त्यानंच केला, तिथं तो फसला.

सामने रविवारी, तेही पुण्यात. केबिन तर रिकामी ठेवता येत नाही. पहिल्याच बैठकीत गार्डनं विचारलं, खेळायला जाणाऱ्याची ड्यूटी कोण करणार?

"ज्याला टीममधी घेतलं न्हाई त्यानं," मच्छिंद्र म्हणाला. "जोडीदाराची जोडीदारानं. अर्ज द्यायचा, सायबाची सही घ्यायची. कुरकुर न्हाई."

त्याच्या डोक्यात जोडीदार म्हणजे आण्णा, आणि आण्णा म्हणजे ड्यूटी करणारा. पहिल्या सरावाला आण्णा पायजमा खोचून आला होता आणि बॉल हातानं उचलून विचारत होता, "ह्यो किती फुगवायचा?" दुसऱ्या आठवड्यात त्याच आण्णानं चार गोल मारले. डाव्या पायानं दोन, उजव्यानं दोन. मच्छिंद्र बिचारा बरा खेळायचा, पण बरे खेळणारे दहा होते.

मग पंधरा वर्षं रविवार आला की आण्णा पुण्याला आणि मच्छिंद्र आण्णाच्या ड्यूटीवर. संध्याकाळी टीम पॅसेंजरनं परतायची ती केबिनच्या खालूनच. आण्णा डब्याच्या दारातून बोटं दाखवायचा. दोन बोटं, दोन गोल. वर मच्छिंद्र हिरवा बावटा धरून उभा. तोंडावर हसू ठेवायचा आणि घरी येऊन भाकरीवर राग काढायचा.

त्याची बायको पार्वतीबाई स्पष्ट बोलणारी. "गोल त्येंनी मारायचं आन् पायाला पेटकं तुमच्या," ती म्हणायची. "येवढं जळताय तर नियम मोडा की."

"माझाच नियम हाय."

"मंग गपगुमान जेवा."

हेवा कशाकशाचा करावा माणसानं? आण्णाच्या पोटऱ्यांचा केला. त्याच्या पायाला झालेल्या जखमेचासुद्धा केला, कारण ती बघायला सगळी कॉलनी लोटली होती. आण्णा निमोण्याहून येताना दर वेळी मच्छिंद्रसाठी पिशवी भरून हरभरा आणायचा. मच्छिंद्र तो घ्यायचा आणि शेजारी वाटून टाकायचा. आमच्याकडं कितीतरी वेळा त्याच हरभऱ्याची उसळ झाली.

क्लब चढत चढत दुसऱ्या डिव्हिजनला गेला. तिथं टिकायचं तर शेवटच्या सामन्यात निदान बरोबरी हवी होती. शनिवारी आण्णा अर्ज घेऊन आला तेव्हा मच्छिंद्रनं मान हलवली.

"उद्या न्हाई जमायचं. मेव्हणीचं लग्न हाय कोरेगाव भीमाला."

"आरं, आधी बोलला न्हाईस."

"मला कुटं कोण काय विचारतंय?"

आण्णा म्हणाला, "लग्न हाय तर जायलाच पायजे," आणि अर्ज फाडून केबिनवर गेला.

मेव्हणीचं लग्न होऊन तिला दोन पोरं झाली होती. मच्छिंद्र रविवारी पहिल्या गाडीनं पुण्याला गेला आणि मैदानाच्या पायऱ्यांवर अगदी वर, तोंडाला उपरणं गुंडाळून बसला. आण्णा नसला म्हणजे टीमचं काय होतं ते त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. आपल्या टीमवर पहिला गोल बसला तेव्हा त्याला आतून गार वाटलं. दुसऱ्यालाही वाटलं. मग आपल्या एका गड्याचा पाय मुरगळला. बदली खेळाडू आधीच संपले होते, एक जण तर दौंडहून आलाच नव्हता. कप्तान फिटर रेघेवर उभा राहून ओरडत होता, "दौंडचं कुणी हाय का रं वर? नाव यादीत हाय असं कुणीबी या."

मच्छिंद्रचं नाव पंधरा वर्षं यादीत होतं. शेवटून पहिलं. उठायचा अवकाश होता. पण मच्छिंद्र त्या घटकेला कोरेगाव भीमाला लग्नात जेवत होता. तो उठला नाही. उपरणं तेवढं डोळ्यांवर ओढून घेतलं. टीम दहा जणांत चार गोलांनी हरली आणि खाली गेली ती पुन्हा वर आली नाही. क्लबच्या नावावर मच्छिंद्र एकही सामना खेळला नाही.

यंदा पप्पू सेक्रेटरीनं स्मरणिकेत क्लबचा इतिहास छापला. त्यात या सामन्याला अख्खं पान आहे, वर मथळा: आण्णा नव्हता तो दिवस.

"बगा बाई," मच्छिंद्र मला पान दाखवत म्हणाला, "नव्हता, तर त्याचंबी पान."

स्मरणिकेच्या समारंभात आण्णा काठी टेकत स्टेजवर चढला आणि म्हणाला, माझ्या गोलांतले निम्मे मच्छिंद्रचे. पंधरा वर्षांत तो एकदाच माझ्या ड्यूटीला आला नाही, तेही घरच्या लग्नामुळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्र मान खाली घालून बसला. मोठेपणाही आण्णानंच नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, मच्छिंद्रभाऊ, तुम्ही माझ्या दारात. माझी नणंद निमोण्यात, माझं जाणं-येणं असतं, म्हणून तुम्ही पायऱ्यांवरची सगळी हकीकत सांगून मग काम सांगितलंत.

"आण्णाला सांगा, लग्न नव्हतं."

"तुम्हीच जा की."

"मी सांगितलं तर त्यो मला मिठी मारंल. ती मला नको. तुमी सांगा, आन् त्याचं तोंड कसं होतंय ते येऊन मला सांगा. माझ्यापायी त्याला एकदा तरी वाईट वाटू दे."

त्यानंतर मी दोनदा निमोण्याला जाऊन आले. दुसऱ्या वेळी आण्णा ओट्यावर बसला होता, सून त्याच्या गुडघ्यांना तेल लावत होती. "मच्छिंद्र कसा हाय?" त्यानं विचारलं.

"बरा आहे," म्हटलं, आणि नणंदेकडं गेले.