गोड पाण्याची विहीर

आमच्या अंगणातल्या विहिरीत फ्लोराइड निघालं, तेव्हा ते सगळ्यांत शेवटी पटलं असेल तर माझ्या आईला. खरं तर अजूनही पटलेलं नाही.

गोरेगाव या तालुक्याच्या गावापासून जवळच आमचं गाव. विहिरीचं पाणी इतकं गोड, की अख्खी गल्ली तिथंच पाणी भरायची. तपासणीवाले बाटली भरून घेऊन गेले, काही दिवसांनी परत आले आणि कठड्यावर लाल फुली मारून गेले. "पिऊ नका," म्हणाले. मग काय प्यायचं, हे सांगायला कुणी थांबलं नाही.

आई पाणी उकळू लागली.

"माय, उकळून हे जात नाही. उलट पाणी आटते अन् तेच जास्त उरते."

"मंग दिसत काऊन नाई? वास नाई, रंग नाई."

मी माझ्या मुलीला बोलावून तिच्या दातांवर फ्लोराइडने पडलेले पिवळे चट्टे दाखवले.

"दात नीट घासत नाई ते," आई म्हणाली.

चिडून मी विहिरीचं चाक आणि दोर काढून घरात ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारची काकी बादली घेऊन आली. तिचे गुडघे याच पाण्याने केव्हाचे आखडलेले.

"पाणी द्याले जीवावर आलं का रे?"

"काकी, तुमच्या भल्यासाठीच काढलं."

"भलं! तू गाडीवर कॅन आनशील. माह्या घरी कोन आनन?"



पुढे गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं. हार, नारळ, फोटो सगळं झालं. ऐन उन्हाळ्यात ते बंद पडलं. पंचायतीत जावं तर एकच उत्तर, "पार्ट येऊन राहिला." असाच एकदा भांडून घरी आलो, तर विहिरीवर चाक लागलेलं आणि बायकांची रांग.

"कायले लावलं?" मी आईवर ओरडलो.

"उन्हात उभ्या होत्या त्या. तूच सांग, काय देऊ त्याइले?"

रांगेत काकीही होती. भरलेली बादली तिला उचलवेना. मीच ती उचलली आणि तिच्या घरी नेऊन ठेवली. जे पाणी पिऊ नका म्हणून घसा कोरडा केला होता, तेच. वाटभर राग येत होता, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

यंत्र अजून बंदच आहे.