मामा हरले ती मॅच

"आपल्याला काय कळतंय त्यातलं?" कुठल्याही कामाला हात घालण्याआधी मामा हे म्हणायचे आणि मग ते काम आमच्यापेक्षा चांगलं करून दाखवायचे. ऑफिसचा एसी असो, की साहेबांच्या गाडीची अडकलेली डिकी. मामांनी अज्ञान जाहीर केलं, की मी निश्चिंत व्हायचे.

मामा गुहागरकडचे. दुबईतल्या अल क्वोजमध्ये गोदामांच्या मागे आमच्या बेसबॉल टीमचं मैदान होतं. तिथली माती सारखी करणं, चुन्याच्या रेघा मारणं हे त्यांचं काम. मी टीमच्या ऑफिसात. चार टीम्सची पगारी लीग, खेळाडू परदेशातून आणलेले, आणि आमची टीम कायम चौथी. "ताई, पाचवी टीम नाही हे नशीब समजा," मामा म्हणायचे.

कार्लोस हा आमचा चेंडू फेकणारा. त्याला हिंदी येत नव्हती, मामांना स्पॅनिश. तरी दोघं रोज शेजारी बसून डबा खायचे आणि हातवारे करत तासभर गप्पा मारायचे. त्यातून मामा सगळा खेळ शिकले. पुढे पुढे तर अंपायर कुठे चुकला तेही मला सांगायला लागले.

मे महिन्यात भर दुपारच्या मॅचमध्ये कार्लोस चक्कर येऊन पडला. दुसऱ्या दिवशी चारही टीम्सच्या खेळाडूंनी सांगितलं, ऊन उतरल्याशिवाय खेळणार नाही. इथे 'संप' हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. 'प्लेयर्सचा मूड नाही' असे ईमेल मी सगळीकडे पाठवले.

साहेब, म्हणजे आमच्या टीमचे मालक, हट्टाला पेटले. स्पॉन्सर मॅच बघायला येणार होते. "मामा, गोदाम से नौ आदमी लाओ. यल्ला!"

मामांचा व्हिसा साहेबांच्या हातात. "अपने को क्या समझता है उसमें, साब," मामा म्हणाले, "मगर लाता हूँ."

समोरच्या टीमनेही आपले ड्रायव्हर उभे केले होते. आमचा पहिला गडी चेंडू मारून क्रिकेटसारखा बॅटसकट सरळ समोर धावला आणि तसाच परत आला. दुसऱ्यानेही तेच केलं. मग मामा आले. चेंडू त्यांच्या मांडीला लागून लांब गेला. "लेग बाय, हबीबी!" ओरडत त्यांनी तीन धावा काढल्या आणि अंपायरशी चौथीसाठी भांडले. स्पॉन्सर पोट धरधरून हसले आणि मॅच अर्धी टाकून निघून गेले.

"मामा, ये क्या है?" साहेब लालबुंद.

"साब, मैंने तो पहले ही बोला था."

त्याच संध्याकाळी साहेबांनी खेळाडूंचं म्हणणं मान्य केलं. बाकीचे तिन्ही मालक अडून बसले. त्यांचे चांगले खेळाडू विमानं पकडून मायदेशी गेले. आमची चौथ्या नंबरची टीम कप घेऊन आली.

पुढल्या वर्षी मामा कायमचे गावी निघाले. एअरपोर्टवर मी विचारलंच, "मामा, नियम सगळे पाठ होते तुम्हाला. व्हिसा गेला असता म्हणजे?"

"वडिलांच्या कारखान्यात संप झाला, तेव्हा त्यांच्या मशीनवर आमच्याच वाडीतला एक जण जाऊन उभा राहिला," मामा म्हणाले. "वडील मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. साहेबांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती, ताई. पण कार्लोस बोलायचा थांबला असता, तर मी डबा कुणाबरोबर खाल्ला असता?"